हत्यार आपले, मूठही आपलीच हवी

कॉम्प्युटरच्या पडद्याचा रंग बदलणे, त्यावरची चिन्हे लहानमोठी करणे, चौकटी इकडच्या तिकडे हलवणे, याला आम्ही बरेच दिवस रिकामटेकड्यांचा उद्योग समजत होतो. दिवसभर कचेरीत आकड्यांशी झटापट करणाऱ्या माणसाला तसे वाटणे साहजिक आहे. काम करायचे सोडून पडदा काय रंगवत बसायचा? पण आमच्या वस्तीतल्या वाचनालयात जे घडले त्यानंतर आमचे हे मत पार बदलले. ते का बदलले हेच आज सांगायचे आहे. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी फोटोचे, छपाईचे, डिझाइनचे काम शिकते आहे, त्या घराने हे अवश्य वाचावे.

दाखले गेले ती रात्र

वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत. एका ऑफिसने मोडीत काढलेले, आम्ही विनंती करून आणलेले. मुले त्यावर फॉर्म भरतात, अभ्यास करतात, कार्यक्रमांची पत्रके तयार करतात. फोटो नीट करण्यासाठी कुणीतरी त्यात फोटोशॉपची चोरीची प्रत टाकली होती. कुणी टाकली हे आम्ही विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. फुकट मिळते आहे ना, मग झाले! पण त्या प्रतीच्या पोटातून व्हायरस आला आणि एका रात्रीत सगळ्या फायली गेल्या. त्यात पंधरा-वीस मुलांचे दाखले आणि गुणपत्रिका स्कॅन करून ठेवलेल्या होत्या. एकेका दाखल्यासाठी आईबापांनी कामावर किती खाडे केले होते, हे आम्हाला ठाऊक होते. मूळ कागद घरोघरी होते म्हणून निभावले. तरी सगळे पुन्हा गोळा करून स्कॅन करण्यात महिना गेला.

त्याच आठवड्यात बैठक घेऊन ठरवले की चोरीची प्रत पुन्हा टाकायची नाही. सरळ मार्गाने फोटोशॉप घ्यावे तर ते आता एकदाच पैसे भरून विकत मिळत नाही. २०१३ सालापासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्याने मिळतात, म्हणजे पैसे भरत राहावे लागते. वाचनालयाच्या वर्गणीत ते बसणारे नव्हते. तेव्हा 'गिंप' हे नाव पुढे आले. फोटो सुधारणारे, चित्र जुळवणारे हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि फुकट घेणे हा त्यात गुन्हा नाही. आम्ही ते दोन्ही कॉम्प्युटरवर बसवले आणि मोठे काम केल्याच्या समाधानात घरी गेलो.

पंधरा दिवस झाले तरी ते कुणी उघडले नाही.

"काका, यात माझा हात चालत नाही"

वस्तीतल्या एका मुलीने फोटोशॉपचा क्लास पूर्ण केला होता. आई चार घरची धुणीभांडी करते, तिने साठवलेल्या पैशांतून फी भरली होती. एका फोटो स्टुडिओत काम मिळण्याची आशा होती आणि त्यासाठी रोजचा सराव हवा होता. ती गिंप उघडायची आणि दहा मिनिटांत बंद करायची. कारण विचारले तर म्हणाली, "काका, यात माझा हात चालत नाही."

आम्ही शेजारी बसून पाहिले. निवडलेला भाग सोडण्यासाठी तिची बोटे सवयीने कंट्रोल आणि डी दाबत. फोटोशॉपमध्ये त्याने निवड सुटते. गिंपमध्ये त्याच दोन कळांनी चित्राची दुसरी प्रत निघते. पाच वेळा दाबले, पाच प्रती! फोटो कापण्यासाठी ती सी दाबायची, तर भलतेच अवजार हाती यायचे. पडदा काळपट, त्यावर करड्या रंगाची बारीक चिन्हे. आम्हाला तर चष्मा लावूनही ब्रश कोणता आणि पेन्सिल कोणती ते कळेना. मुलगी हुशार, सॉफ्टवेअर चांगले. पण दोघांची गाठ पडत नव्हती.

तिथे आमच्या गल्लीतले आप्पा पेपर वाचत बसले होते. आप्पांची उमेद छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. ते म्हणाले, "आम्ही कामाला लागलो की आधी केस लावून घ्यायचो. काना, र, त, न असले रोज लागणारे खिळे हाताशी. क्वचित लागणारी जोडाक्षरे कोपऱ्यात. न बघता हात बरोबर त्या खणात जायचा. दुसऱ्याच्या केसवर बसवले तर जुना कंपोझिटरही नवशिका व्हायचा. पोरीला तिची केस लावून द्या."

वाचकहो, आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे.

ज्याचे त्याने बदलावे, हीच त्याची जात

गिंपचा जन्म १९९५ सालचा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले आणि १९९६ च्या जानेवारीत लोकांसाठी खुले केले. सुरुवातीला त्याची बटणे आणि मेन्यू 'मोटिफ' नावाच्या, परवाना लागणाऱ्या दुसऱ्याच्या साहित्यावर उभे होते. ते मॅटिस यांना पटेना. म्हणून त्यांनी बटणे, मेन्यू, चौकटी यांचे आपलेच साहित्य तयार केले. त्याला 'गिंप टूलकिट' म्हणजे 'जीटीके' नाव मिळाले. पुढे 'ग्नोम' हा लिनक्सवरचा सगळा कामाचा पडदाच त्या साहित्यावर उभा राहिला. म्हणजे आपला चेहरा आपण घडवायचा, हे गिंपच्या मुळातच आहे. लिनक्सचा तो प्रसिद्ध पेंग्विन लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये काढला, तोही गिंपमध्येच.

ते 'जीपीएल' या परवान्याखाली मिळते. या परवान्याने चार हक्क दिले आहेत : कोणत्याही कामासाठी वापरा, आतून उघडून अभ्यासा, हवा तसा बदल करा, आणि दुसऱ्याला द्या. फुकट मिळते हा त्यातला लहान भाग आहे. बदलण्याचा हक्क हा मोठा भाग आहे. आणि हक्क बजावला नाही तर तो कागदावरच राहतो, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

केस कशी लावली

एका रविवारी दुपारी आम्ही तिघे बसलो. काय काय केले ते क्रमाने सांगतो. आवृत्ती जुनी-नवी असेल तर एखादा शब्द इकडेतिकडे दिसेल, पण वाट हीच.

पहिले काम डोळ्यांचे. 'एडिट' मेन्यूत शेवटी 'प्रेफरन्सेस' आहे. त्यात 'इंटरफेस' या भागात 'थीम' सापडते. २०१८ साली आलेल्या २.१० आवृत्तीपासून गिंप उघडताच काळपट दिसते. चित्रावरच लक्ष राहावे म्हणून पडदा मंद ठेवला, असा त्यामागचा विचार आहे. पण ज्याला अंधारात वाचता येत नाही त्याने उजळ रूप घ्यावे. आम्ही आमच्यासाठी उजळ घेतले. मुलीने करडे घेतले, आणि तिचे बरोबर होते. एकच रंग काळ्या कडेत उजळ दिसतो आणि पांढऱ्या कडेत गडद दिसतो. चेहऱ्याचा रंग नीट करायचा असेल तर भोवती मधला करडा रंग बरा, म्हणजे डोळा फसत नाही.

थीमच्या जवळच चिन्हांची निवड आहे. एकरंगी चिन्हे नको असतील तर जुनी रंगीत चिन्हे घेता येतात, आणि त्यांचा आकारही वाढवता येतो. आकार वाढवताच आप्पाही म्हणाले, "आता दिसतंय!" लहान पडदा असेल तर उलट करावे; चिन्हे बारीक ठेवावी म्हणजे चित्राला जागा मिळते.

दुसरे काम अवजारांच्या पेटीचे. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या २.१०.१८ आवृत्तीपासून एका जातीची अवजारे एकाच चिन्हामागे ठेवलेली असतात. चिन्ह दाबून धरले की बाकीची बाहेर येतात. जागा वाचते, पण नवशिक्याला अवजार हरवल्यासारखे वाटते. 'इंटरफेस'मधल्याच 'टूलबॉक्स' या पानावर ही गटबांधणी बंद करता येते. तिथेच अवजारांची यादी आहे. माउसने ओढून क्रम बदलावा. जे लागत नाही त्यासमोरचा डोळा बंद करावा. लहान मुलांच्या खात्यावर आम्ही दहाच अवजारे उघडी ठेवली आहेत. सगळे एकदम समोर ठेवले की मूल घाबरते.

तिसरे काम कळांचे, आणि ते सर्वांत मोलाचे. 'एडिट' मेन्यूत 'कीबोर्ड शॉर्टकट्स' आहे. शोधायच्या जागी कामाचे नाव टाकायचे, ओळीवर टिचकी मारायची आणि हवी ती कळ दाबायची. ती कळ आधीच दुसऱ्या कामाला जोडलेली असेल तर गिंप विचारते, तिकडून काढून इकडे देऊ का? निवड सोडण्याच्या कामाला मुलीने कंट्रोल-डी दिले. सरकवण्याच्या अवजाराला गिंपमध्ये एम आहे, तिच्या हाताला व्ही ठाऊक, म्हणून व्ही दिले. ब्रशला पी होते, बी केले. कापण्याच्या अवजाराला शिफ्टसह सी होते, नुसते सी केले. अशा पंधरा-सोळा कळा बदलल्या. अर्ध्या तासाने तिने एक फोटो उघडला आणि कीबोर्डकडे न बघता काम सुरू केले. आप्पा आमच्याकडे बघून नुसते हसले.

चौथे काम चौकटींचे. पूर्वी गिंपच्या पेटीची आणि चित्राची वेगवेगळी खिडकी असे, पडद्यावर पसारा होई. २०१२ च्या २.८ आवृत्तीत सगळे एका खिडकीत बसवण्याची सोय आली. 'विंडोज' मेन्यूतल्या 'सिंगल-विंडो मोड' समोर खूण असली म्हणजे झाले. उजव्या-डाव्या चौकटींतला कोणताही टॅब धरून दुसरीकडे सोडता येतो. मुलीला 'लेअर्स' सतत लागतात म्हणून ती चौकट उंच केली आणि ब्रशची चौकट तिच्यामागे ठेवली. चुकून बंद झालेली चौकट त्याच मेन्यूतल्या 'डॉकेबल डायलॉग्ज' मध्ये सापडते.

पाचवे काम मापाचे. नवे चित्र उघडताना जे माप आपोआप येते ते 'प्रेफरन्सेस'मधल्या 'डीफॉल्ट इमेज' मध्ये बदलता येते. आमच्या पत्रकांसाठी तिथे ए-फोरचे माप आणि इंचाला ३०० ठिपके लिहून ठेवले. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोचा वेगळा साचा केला. ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने तो सुमारे ४१३ बाय ५३१ ठिपक्यांचा होतो. बी.कॉम.चे गणित अशा ठिकाणी कामाला येते!

आणखी एक कळ सर्वांनी पाठ करावी. काहीच सापडेनासे झाले तर तिरकी रेघ, म्हणजे प्रश्नचिन्हाखालची कळ दाबावी. एक पट्टी उघडते. तिथे कामाचे इंग्रजी नाव लिहिले की ते काम समोर येते.

भाषेचेही सांगायला हवे. 'इंटरफेस' भागातच भाषा निवडता येते आणि त्या यादीत मराठी आहे. ती निवडून गिंप बंद करून पुन्हा उघडावे लागते. पण सगळेच शब्द मराठीत आलेले नाहीत, मध्येमध्ये इंग्रजी दिसते. नोकरीसाठी शिकणाऱ्याने इंग्रजीच ठेवावे, कारण बाहेर तेच शब्द भेटतात. ज्याला घरच्यापुरते काम करायचे त्याने मराठी लावून बघावे. हे भाषांतर ठिकठिकाणची माणसे स्वेच्छेने करतात. आपल्यातल्या शिकलेल्या मुलांना त्यात हात घालायला कुणाची मनाई नाही.

आमची फजिती

आता आमचीही एक चूक सांगतो. वह्यावाटपाचे पत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी छापायला द्यायचे होते. रात्री साडेदहाला आमच्या हातून काय झाले कोण जाणे, सगळ्या चौकटी नाहीशा झाल्या. नुसते चित्र उरले. अवजारे नाहीत, लेअर्स नाहीत. आम्ही गिंप काढून टाकले आणि पुन्हा बसवले. तरी तेच! मध्यरात्र झाली, घरून दोन फोन आले.

सकाळी मुलगी आली. तिने टॅब ही एक कळ दाबली आणि सगळे परत आले. चित्र मोठे दिसावे म्हणून चौकटी लपवण्याची ती कळ आहे. आमचा अंगठा तिच्यावर पडला होता.

मग पुन्हा बसवूनही का जमले नव्हते? त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. गिंप एका जागी असते आणि आपण केलेली मांडणी दुसऱ्या जागी, आपल्या खात्याच्या फोल्डरमध्ये लिहिलेली असते. चौकटी कुठे आहेत, लपवल्या आहेत की उघड्या, हे 'सेशनआरसी' नावाच्या फायलीत राहते. विंडोजमध्ये हे फोल्डर 'ॲपडेटा'च्या आत 'रोमिंग' मध्ये 'गिंप' या नावाने सापडते. वरचे सॉफ्टवेअर काढले तरी आतली मांडणी जशीच्या तशी राहते. आमची फजिती त्यामुळे झाली, पण फायदाही त्यातूनच निघाला. ते फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले की आपली केस आपल्या खिशात! दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच आवृत्ती असेल तर तिथे ती मांडता येते. एकाच कॉम्प्युटरवर प्रत्येकाचे वेगळे खाते केले तर प्रत्येकाची मांडणी वेगळी राहते. भावाने केलेला बदल बहिणीच्या आड येत नाही. आणि सगळेच बिघडले तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'विंडो मॅनेजमेंट' या पानावर चौकटी मूळ जागी नेण्याचे बटण आहे.

नक्कल किती करावी

गिंपला फोटोशॉपचे रूप देण्याचा खटाटोप जुना आहे. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्कॉट मोशेला यांनी 'गिंपशॉप' नावाची वेगळी आवृत्तीच केली. पण मूळ गिंप पुढे जात राहिले आणि ती मागे पडली. अलीकडे ब्राझीलमधल्या 'डायोलिनक्स'ने 'फोटोगिंप' केले आहे. त्यात सॉफ्टवेअर वेगळे नाही, नुसत्या मांडणीच्या फायली आहेत. वर सांगितलेल्या फोल्डरमध्ये त्या ठेवल्या की सगळ्या कळा आणि चौकटी एकदम बदलतात. घाई असणाऱ्याने ते जरूर वापरावे. आम्ही वापरले नाही, कारण एकेक कळ हाताने बदलताना मुलीला गिंपमध्ये काय कुठे आहे ते कळत गेले. तयार मांडणीत ते शिक्षण होत नाही.

नावाबद्दलही एक गोष्ट कळली ती सांगायला हवी. 'गिंप' हा मूळ नावाच्या आद्याक्षरांनी झालेला शब्द. पण इंग्रजी बोलीत लंगड्या माणसाला हिणवण्यासाठीही तो वापरतात. ते खटकलेल्या काही जणांनी २०१९ मध्ये मूळ सॉफ्टवेअर घेऊन 'ग्लिम्प्स' या नावाने वेगळे काढले. काम करणारे हात कमी पडले आणि २०२१ मध्ये ते थांबले. मूळ मंडळींनी नाव बदलले नाही. नावातला अपमान काय असतो हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, म्हणून त्या लोकांचे म्हणणे आम्हाला पटते. पण दुसरी बाजूही दिसते. बदलण्याचा हक्क परवान्याने दिला, तो टिकवायला मात्र माणसे लागतात. संघटनेच्या कामात आपण हे रोज बघतो.

आता पुढे

२०२५ च्या मार्चमध्ये गिंपची ३.० आवृत्ती आली. ती नव्या जीटीकेवर उभी आहे. आमच्या एका कॉम्प्युटरवर ती चालते, दुसऱ्या जुन्यावर २.१० ठेवले आहे. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना जुनी मांडणी आपण होऊन उचलते. तरी आधी फोल्डरची प्रत काढून ठेवावी. दाखले गेल्यापासून आम्ही हे शहाणपण शिकलो आहोत.

मुलगी त्या स्टुडिओत चाचणीला गेली तेव्हा तिथे फोटोशॉप होते. सरावाचा हात तोच असल्यामुळे ती अडखळली नाही. सध्या आठवड्याचे तीन दिवस तिला काम आहे. पूर्ण नोकरी अजून नाही, ती व्हावी ही आमची इच्छा आहे. रविवारी ती वाचनालयात लहान मुलांना शिकवते. तिची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. नव्या मुलाला ती पहिल्या दिवशी ब्रश देत नाही. आधी विचारते, "तुला नीट दिसतंय का? हात कुठे पोचत नाही?" आणि त्याप्रमाणे पडदा लावून देते.

आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे. मूल कॉम्प्युटरसमोर बसून रंग आणि चौकटी बदलताना दिसले तर लगेच ओरडू नका. सुतार कामाआधी रंध्याचे पाते लावतो, शिंपी मशीनची उंची बघतो, तसे ते आपले हत्यार लावून घेत असेल. त्यासाठी एक रविवार द्या. तेवढ्या वेळाने पुढचे कित्येक दिवस वाचतात. आणि फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढायला विसरू नका.